पाच वर्षांपासून मोडलेला साकव

ऐका, आमचा साकव पहिल्यांदा पुराने नेला आणि दुसऱ्यांदा मी घालवत होते. हसू नका, आधी ऐकून तर घ्या.

साकव म्हणजे कामणजवळच्या आमच्या पाड्याला रस्त्याशी जोडणारा, ओढ्यावरचा छोटा पूल. जुलैच्या पुरात त्याचा स्लॅब वाहून गेला. रिक्षा पलीकडेच थांबायला लागली. कोणी आजारी पडलं, की त्याला खुर्चीत बसवून ओढ्यातून न्यायचं. म्हणून सरकारी मदतीसाठी अर्ज करायचं ठरलं. शेजारच्या बाळूकाकांनी तो लिहायचं काम मला दिलं. मी फारशी बोलत नाही, म्हणजे लिहीत चांगलं असणार, असा त्यांचा समज.

आता अर्ज कसा लिहितात? रडवेला. आमच्याकडच्या प्रत्येक अर्जात 'गेली कित्येक वर्षे' असतंच. मीही मन लावून लिहिलं, 'सदर साकव गेली पाच वर्षे पूर्णपणे मोडकळीस आला असून वारंवार तक्रारी करूनही…' जोडीला मे महिन्यात काढलेला तुटक्या कठड्याचा फोटो लावला. वाचताना काकांचे डोळे भरून आले.

पाहणीला इंजिनिअर मॅडम आल्या. त्यांनी अर्ज वाचला आणि घडी घातली.

"काका, हा निधी पुराने केलेल्या नुकसानीसाठी असतो. तुमचा साकव तर पाच वर्षांपूर्वीच मोडलाय. यात बसत नाही."

"अहो मॅडम, पानी येईपर्यंत धडधाकट होता."

"मग हे कोणी लिहिलं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग अख्ख्या पाड्याने पाहिलं. ओढ्याला परत पूर यावा आणि या वेळी त्याने मला न्यावं, असं वाटलं.

"जोर यावा म्हणून लिहिलं," मी चपलांकडे बघत म्हणाले. "तुटला होता फक्त कठडा."

"कशावरून?"

मॅडमनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "कठड्यामागे हे काय उभं आहे?"

पाण्याचा टँकर. भरलेला, साकवाच्या मधोमध. फोटोत मध्येच आला म्हणून तेव्हा मी त्याच्यावर चिडले होते.

"मोडक्या साकवावर कोणी टँकर घालेल का? मोबाईलवर मूळ फोटो असेल ना? तारीख दाखव."

मी दाखवली, पुराच्या दोनच महिने आधीची. मॅडम लिहू लागल्या. स्लॅब पुरात गेला, पात्र. कठडा आधीच तुटलेला, अपात्र.



"अर्ज मात्र नवीन द्या," त्या म्हणाल्या. "खरं तेवढंच लिहा."

मी तिथेच लिहायला बसले. तिसऱ्या ओळीवर काकांनी माझ्या हातातून अलगद पेन काढून घेतलं.

"बस झालं, बाय. पूल मिळतोय. आता आणखी चांगलं लिहू नकोस."