घाणीवरचा हक्क

गावात त्याला सगळे नाकमुरड्या म्हणत. हे नाव ठेवलं होतं त्याच्या थोरल्या वहिनीनं. आई लवकर गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं होतं. ताटात केस दिसला की हे पोर जेवणावरून उठायचं, ओल्या फडक्याचा वास आला की ओकायला यायचं त्याला. असल्या नाजूक नाकाच्या माणसाच्या नशिबी आला खेचरांचा धंदा. पण लिदीचा वास मात्र त्याला चालायचा. "जनावराची घाण सरळ असते," तो बायकोला म्हणायचा, "माणसाच्या घाणीत लबाडी असते."

गावाच्या वर झाडं संपायची, मग नुसते दगड, आणि दगडांच्या वर हिमनदी. तिच्या अंगावरून दोन देशांची सीमा जायची. नेमकी कुठून, यावर मात्र दोघांचं कधी जमलं नव्हतं. म्हणून दोन्हीकडच्या फौजा बर्फात चौक्या टाकून एकमेकींकडे दुर्बिणी रोखून बसल्या होत्या. नाकमुरड्या आपल्या बाजूची रसद वर पोचवायचा. रॉकेलची पिंपं, डबाबंद मांस, बॅटऱ्या, औषधं. खाली मात्र काही यायचं नाही. रिकामी पिंपं, डबे आणि इतक्या माणसांचं रोजचं जे असतं ते, सगळं बर्फाच्या भेगांत लोटून द्यायचे. नवा असताना त्यानं याबद्दल विचारलं होतं, तेव्हा चौकीवरचे मेजरसाहेब हसले होते.

"बर्फाचं पोट मोठं आहे रे. काहीही घाल, ढेकरसुद्धा देणार नाही."

पण उन्हाळे लांबत गेले आणि बर्फ मागे हटायला लागला. जिथं खेचरांना पायात गोणपाट बांधून न्यावं लागायचं, तिथं काळा चिखल उघडा पडला. आणि एका उन्हाळ्यात गावचा ओढा वास मारायला लागला. आधी मुलांची पोटं बिघडली, मग मोठ्यांना काविळीनं गाठलं. वहिनी अंथरुणाला खिळली. डोळे हळदीसारखे पिवळे, पण जीभ जागेवर.

"काय पाजताय रे मला?" ती म्हणाली. "वर जाऊन बघ तरी, कोण मेलंय ते."

तो चार गावकऱ्यांना घेऊन वर गेला. हिमनदीच्या तोंडाशी पोचायच्या आधीच खेचरं अडली. तो पायीच पुढं गेला. फुगलेले, गंजून फुटलेले डबे. पिंपांतून झिरपणारं तेल पाण्यावर निळंजांभळं चमकत होतं. चिंध्या, सुया, बँडेजं. आणि गोठून राहिलेला विष्ठेचा थर उन्हात सुटून, पातळ होऊन ओढ्यात उतरत होता, जणू कालचाच. वरच्या दोन्ही फौजांच्या चौक्यांकडून तसलेच ओघळ येऊन तिथं एक झाले होते. कुठला कुणाचा ते सांगायची सोय राहिली नव्हती. तो दगडाआड जाऊन ओकला. त्यातली कितीतरी पिंपं आपल्याच खेचरांच्या पाठीवरून वर गेली होती, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

ओढा पुढं सीमेपलीकडेही जायचा, तिथली गावंही आजारी पडली. दोन्हीकडे ओरड झाली. शेवटी रेडिओवर बातमी आली की दोन्ही देशांचे अधिकारी हिमनदीच्या तोंडाशी भेटणार, मिळून सफाई करणार. गावाला हायसं वाटलं. बायको म्हणाली, "बघा, गोळ्या झाडणारे झाडू मारायला येताहेत. आजवर ऐकलं होतं का असं?"

त्या भेटीचं सामान नाकमुरड्याच्याच खेचरांनी वर नेलं. तंबू, खुर्च्या, पाण्याच्या सीलबंद बाटल्या. तंबूत सुगंधी फवारा मारला होता, बाहेरच्या घाणीपेक्षा त्याला तोच जास्त झोंबला. पलीकडूनही एक खेचरवाला आला होता, वयानं त्याच्याच एवढा. दोघं कनातीबाहेर जनावरांपाशी उभे राहिले.

"तुमच्याकडे किती आजारी?" पलीकडच्यानं विचारलं.

"घर सोडलं नाही एकही. तुमच्याकडे?"

"धाकटी बहीण गेली माझी," तो म्हणाला आणि खेचराचा पट्टा आवळत राहिला.

नाकमुरड्यानं पट्ट्याचं दुसरं टोक धरलं.

आत बोलणी सुरू झाली. मेजरसाहेबांनी नाकमुरड्याला आत बोलवायच्या आधी कानात सांगितलं होतं, "पिंपं आपली नाहीत म्हणायचं. आपली म्हटली तर सफाईचा भार आपल्यावर." तो गेला, मान खाली घालून म्हणाला, "आमची नाहीत पिंपं." पलीकडच्यानंही तेच सांगितलं. सकाळभर दोन्ही बाजूंनी हात झटकण्याचा कार्यक्रम चालला. सगळ्या जगाची घाण जणू आभाळातून पडली होती.

मग जेवणाची सुट्टी झाली. राजधानीहून आलेल्या वकीलबाई नाकाला रुमाल लावून मेजरसाहेबांना बाजूला घेऊन गेल्या. नाकमुरड्या ताटं उचलत होता, त्याला सगळं ऐकू आलं.

"अहो, करताय काय? इथला बर्फ गेलाय, जमीन उघडी पडलीय. उद्या सीमा आखताना विचारतील, इथं आधीपासून कोण होतं. ही पिंपं म्हणजे आपला ताबा. नाकारू नका!"

पलीकडच्या तंबूतही तेच डोकं चाललं असावं. कारण दुपारी बसले तेव्हा सूर पालटला होता. एक म्हणे, सगळी पिंपं आमची. दुसरा म्हणे, डबे तर आमचेच, आणि त्याखालचा थरही आमच्याच जवानांचा. सकाळी ज्या घाणीकडे बघवत नव्हतं, तिच्यावरून भाऊबंदकी पेटली. मेजरसाहेबांनी नाकमुरड्याला पुन्हा आत ओढलं.

"सांग यांना. कुणी आणली वर?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. खरं बोलायची वेळ आली होती आणि ते खरं बोलायचीही त्याला किळस आली.

"मी आणली," तो म्हणाला. "आमचीच आहेत."

"शाब्बास," मेजरसाहेब म्हणाले.

संध्याकाळी निर्णय झाला. वाद मिटेपर्यंत 'जैसे थे'. कुणी काही हलवायचं नाही, पुरावा आहे तो. राखणीला दोन्ही देशांची एकेक नवी चौकी. मग हस्तांदोलनं झाली, फोटो निघाले. पलीकडच्या खेचरवाल्यानं जाताना नुसता हात वर केला.

घरी येऊन नाकमुरड्यानं अंगावरचे कपडे परसात जाळले. बायकोनं विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं.

"म्हणजे आमच्या पोटात जातंय तो पुरावा?" ती म्हणाली. "आणि तुम्ही सकाळी नाही म्हणालात, दुपारी हो?"

"हो."

ती तोंड फिरवून आत गेली. वहिनी अंथरुणातून म्हणाली, "पोरा, माणसं जमिनीसाठी शेण खातात हे ऐकलं होतं. आज खरं झालं."

आठवड्यानं मेजरसाहेबांचा निरोप आला, नव्या चौकीला रसद हवी. नाकमुरड्या स्वतः जाऊन भेटला.

"साहेब, तिथल्या जवानांची घाण कुठं जाणार?"

"तिथंच. अजून भेगा आहेत की."

"मग माझी खेचरं नाहीत."

"दुसरा कुणी येईल."

"येईल. येऊ द्या."

आला दुसरा, त्याच्याच आळीतला. त्यालाही पोट होतं. नाकमुरड्यानं त्याला दोष दिला नाही, फक्त त्याच्याकडे चहा प्यायला जाणं बंद केलं.

पूर्वेच्या खिंडीपल्याड एक झरा होता, हिमनदीशी संबंध नसलेला. तो तिथून खेचरांवर पाणी आणायला लागला, घरोघरी वाटायला लागला. सगळ्यांना पुरत नसे, त्यावरून भांडणंही होत, तरी वहिनी हळूहळू उठून बसली. पहिल्यासारखी मात्र नाही झाली. चार पावलं चालली की भिंत धरायची.

हिवाळ्यात वर जेमतेम वीतभर बर्फ पडला. लगेच रेडिओवर सांगितलं की दोन्ही देशांच्या सहकार्यानं तो भाग पुन्हा शुभ्र झाला आहे. मागून टाळ्याही ऐकू आल्या. नाकमुरड्यानं रेडिओ बंद केला, दार उघडून बाहेर थुंकला, आणि सकाळी खिंडीकडे निघायचं म्हणून खेचरांचे नाल तपासायला गोठ्यात गेला.