सुई टोचलेलं कलिंगड

आमचा थोरला भाऊ नोकरीतून निवृत्त झाला आणि पूर्ण वेळ घाबरायला लागला. मोबाइलवर कुणीतरी कलिंगडाला लाल रंगाची सुई टोचताना दाखवलं आणि दादानं कलिंगड बंद केलं. मग सफरचंदावर मेण दिसलं, सफरचंद गेलं. भेंडी तो ओल्या कापसानं घासून बघायचा आणि कापूस जरा हिरवा झाला की "रंग हाय, रंग!" म्हणून राजारामपुरीतली अख्खी गल्ली गोळा करायचा. हिरवी भाजी घासल्यावर काय निळं निघणार? द्राक्षं तर त्यानं एकदा भांड्याच्या साबणानं धुतली. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी फेस खाल्ला.

मी म्हणायचो, "दादा, सुई टोचलेलं कलिंगड दुकानात टिकंल का? भोकातनं गळून आंबंल की." तो माझ्याकडे कीव आल्यासारखा बघायचा. शेतात औषध फवारतात हे खरंच आहे, मी ते नाकारत नाही. म्हणून तर भाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायची आणि शिजवून खायची. पण इतकी साधी गोष्ट मोबाइलवर पुढे पाठवायला कुणाला गोडी वाटणार?

हा खुळेपणा त्याच्यापुरता असता तर मी हसून सोडून दिलं असतं. पण त्याची लेक, माझी पुतणी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सासर नेसरीचं, शेतीवाडीचं. निघताना सासूनं घरची मेथी, शेवग्याच्या शेंगा आणि पेरू बांधून दिले होते. दादानं ती पिशवी तशीच घंटागाडीत टाकली. "पोटात बाळ हाय. इषाची परीक्षा घ्यायची न्हाय," म्हणाला. घंटागाडी वळेपर्यंत पोरगी दारात उभी राहून बघत राहिली. वहिनीला त्या घरात कधी कुणी विचारलंच नाही, ती भात-आमटी रांधत राहिली. तपासणीत पोरीचं रक्त कमी निघालं. डॉक्टरबाईंनी पालेभाज्या आणि फळं खायला सांगितली, तर साहेब म्हणतात, "बाजारात काय चाललंय ते डॉक्टरला काय ठावं?"

भाजीच्या जागी त्यानं दूध आणलं. आमच्या कोल्हापुरात म्हशी कट्ट्यावर आणून उभ्या करतात, गिऱ्हाइकाच्या पुढ्यात धार काढतात आणि फेसाळ पेला तसाच हातात देतात. या धारोष्ण दुधावर शंका घेणं म्हणजे आमच्याकडे पापच. दादा रोज पोरीला तिथं न्यायचा आणि पेला संपेपर्यंत समोर उभा राहायचा. कलिंगडात सुई शोधणाऱ्या या शहाण्याला म्हशीच्या आचळावरचं शेण दिसलं नाही. उकळून दे म्हणून मी कितीदा सांगितलं.

"उकळलं की ताकद जातीय," तो म्हणायचा. "डोळ्यांदेखत काढलेलं दूध हाय. त्यात कसलं आलंय इष?"

मग पोरीला ताप यायला लागला. उतरायचा आणि पुन्हा चढायचा, सांधे ठणकायचे. डॉक्टरबाईंनी तिला दवाखान्यात ठेवून घेतलं, रक्त तपासायला पाठवलं. तपासणीचा निकाल आल्यावर त्यांनी विचारलं, "दूध कुठलं पिते ही?" दादानं छाती फुगवून कट्ट्याचं सांगितलं. बाईंनी डोक्याला हात लावला. "हा जनावरांचा रोग आहे. कच्च्या दुधातून येतो. यात बाळ जाऊ शकतं, कळतंय का तुम्हाला?"

दादाचं तोंड पांढरं पडलं. मला त्याची दया यायला हवी होती. मला आला तो फक्त संताप.

औषधं लागू पडली, ताप उतरला. बाळाचे ठोके नीट आहेत असं बाईंनी सांगितलं तेव्हा वहिनी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली. घरी सोडायच्या दिवशी दादा रिक्षा घेऊन आला. "चल बाळा, आता सगळं उकळूनच देतो," म्हणाला. पण तिचा नवरा आणि सासू नेसरीहून आले होते, आणि पुतणी सरळ त्यांच्या गाडीत जाऊन बसली.

दादा गाडीच्या दाराला धरून उभा राहिला. "आगं, पयलं बाळातपण माहेरात असतंय. लोक काय म्हणतील?"

"लोकांचं ऱ्हाऊ दे, आबा," ती म्हणाली. "मला आता तुमच्या घरातलं खायला भ्या वाटतंय."