बाईंचा घोडा आणि हिरवा ठिपका

प्रा. शालिनी रणपिसे यांच्याशी माझी पहिली भेट भांडणाची होती, असे म्हणता येणार नाही. कारण भांडायला दोन माणसे लागतात आणि त्या दिवशी एकटा मीच बोलत होतो. त्या शिकवीत त्याच महाविद्यालयाचा मी प्रबंधक होतो. पदार्थविज्ञान विभागातील मोडका प्रोजेक्टर, सूक्ष्मदर्शकांचे गंजलेले पाय आणि एक जळालेला टेबलपंखा भंगारात काढायचे ठरले होते. त्या वस्तू मागण्यासाठी बाई आल्या. मी त्यांना भांडाराचे नियम सविस्तर समजावून दिले. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “नियम मलाही आवडतात, सबनीस. अर्ज कुणाच्या नावे करायचा, तेवढं सांगा.”

अर्ज रीतसर आला, वस्तू रीतसर गेल्या. पुढच्या स्नेहसंमेलनात त्याच टेबलपंख्याच्या मानेवर कॅमेरा बसवून बाई चित्रण करीत होत्या, आणि कॅमेरा रंगमंचाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जराही धक्का न बसता फिरत होता. मी जवळ जाऊन पाहिले. “भंगार नीट चालतंय ना, याची खात्री करताय?” एवढेच त्यांनी विचारले.

विश्रांतवाडीतील त्यांच्या घराची मागची खोली ज्यांनी पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. टेबलाच्या खणांच्या सरकपट्ट्या, पडद्यांचे दांडे, सायकलीचे सुटे भाग, रुग्णालयातून बाद झालेली सलाइनची उभी दांडी, अशा वस्तूंपासून बाई कॅमेरा पेलणारी साधने तयार करतात. सुतारकामातील आणि रंगकामातील घोडीवरून असेल, किंवा निव्वळ लहरीने असेल, त्या अशा प्रत्येक साधनाला ‘घोडा’ म्हणतात. दुकानातील साधन ज्यांच्या आवाक्याबाहेर आहे, त्यांना त्या घोडा करून देतात. विकत मात्र देत नाहीत. काम संपले की घोडा परत आणायचा. मग बाई तो पूर्ण सोडवतात, प्रत्येक भागावर नेलपॉलिशचा एक ठिपका लावतात, आणि ते भाग पुढच्या कुणासाठी तरी नव्याने जोडले जातात. ठिपक्याचा रंग घोडा वापरणाऱ्याने निवडायचा. काही पट्ट्यांवर इतके ठिपके आहेत की मूळ लोखंड शोधावे लागते.

माझी पत्नी पद्मा त्याच महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवीत असे. निवृत्तीनंतर तिने आमच्या वारज्याच्या टेकडीवरील गवतांच्या फुलांची छायाचित्रे काढण्याचे मनावर घेतले. गवतालाही फुले येतात हे कुणी पाहत नाही, अशी तिची तक्रार होती. पुढे तिला कंपवाताने गाठले. कुसळी गवताचे फूल तांदळाच्या दाण्याहून लहान. थरथरत्या हाताने काढलेल्या छायाचित्रात हिरव्या धुराखेरीज काही उरेना. मी तिला सुचवले की तिने नुसते सांगावे, बटण मी दाबेन.

“अहो, मग तो तुमचा फोटो झाला,” ती म्हणाली. “मला माझा हवाय.”

हे मी बाईंच्या कानावर घातले. त्यांनी आमच्याच भांडारातल्या सूक्ष्मदर्शकांच्या ओतीव पायांवर एक भक्कम घोडा उभा केला. तो धक्का देऊनही हलत नव्हता. पद्माने बटणावर बोट ठेवले, आणि छायाचित्र हललेलेच आले. दुसरे, तिसरेही तसेच. कॅमेऱ्याच्या भिंगावर तिने झाकण लावले. तिच्या आजारातला तो मला आठवणारा सर्वांत वाईट क्षण आहे. नंतरचे क्षणही त्यात धरून सांगतो आहे.

बाई बराच वेळ तिच्या हाताकडे पाहत बसल्या होत्या. मग म्हणाल्या, “चूक माझी आहे, पद्मा. मी कॅमेरा धरून ठेवला. तुझा हात त्याच्यापासून सोडवायला हवा होता.”

पुढच्या आठवड्यात त्या सायकलीच्या ब्रेकचा दांडा आणि त्याची लांब तार घेऊन आल्या. दांडा खुर्चीच्या हातावर बसवला. तार मध्ये सैल सोडली. आता पद्माने मूठ आवळली की तिची थरथर त्या सैल तारेतच विरून जाई, आणि पलीकडे एक लहानशी पट्टी बटणावर अलगद टेकत असे. त्या दिवशी आलेले कुसळीचे फूल आजही आमच्या दिवाणखान्यात आहे. त्यातला प्रत्येक केसर मोजून घ्यावा.

तिला टेकडी चढवेना, तेव्हा मी गवताचे ठोंब मुळांसकट कुंडीत आणू लागलो. बाई दर थोड्या दिवसांनी येऊन घोड्याची उंची कमी करीत. आधी खुर्चीसाठी, शेवटी पलंगासाठी. आजाराविषयी त्या कधीच विचारीत नसत. “आज कुठलं गवत?” असे विचारीत. त्या घरात पद्माला रुग्ण न मानणारी ती एकच व्यक्ती होती. मलाही ते साधले नव्हते.

दिवाळीआधी पद्मा गेली. बाई भेटायला आल्या, चहा घेतला, आणि गॅलरीत उभ्या असलेल्या घोड्याकडे त्यांनी एकदाही पाहिले नाही. नियम मला ठाऊक होता. जन्मभर मी इतरांकडून नियम पाळून घेतले. हा मात्र पाळणे जमेना. धूळ बसू नये म्हणून मी घोड्यावर पद्माची एक सुती साडी घातली. सकाळी गॅलरीचे दार उघडले की क्षणभर तेथे कुणी उभे आहे असे वाटे. नंतर मी दार उघडणेच बंद केले. कुंडीतील हरळी वाळून गेली.

बाईंच्या अमृतमहोत्सवाच्या समितीने या गौरवग्रंथासाठी त्यांचे छायाचित्र मिळवण्याचे काम माझ्यावर सोपवले, कारण त्या ते कुणालाच देईनात. मी दूरध्वनी केला आणि म्हणालो, “घोडा परत करायचा राहिला आहे.”

“मी मागितला नाही, सबनीस.”

“म्हणूनच फोन केला.”

त्या आल्या. मी साडी काढून घडी केली आणि त्यांना सांगितले, की घोड्याचे एक काम शिल्लक आहे. ते झाल्यावर न्यावा. त्यांच्या लक्षात आले. “पद्माने माझ्यापेक्षा गवत पसंत केलं असतं,” असे म्हणत त्या कुंडीच्या जागी खुर्ची ओढून बसल्या. मी पद्माचा कॅमेरा घोड्यावर चढवला आणि तिच्या खुर्चीत बसलो. ब्रेकच्या दांड्यावर हात ठेवला, आणि तो कापू लागला. मला कोणताही आजार नाही. हात थांबत नाही, असे मी बाईंना सांगितले.

“असू दे,” बाई म्हणाल्या. “त्याच्यासाठीच तर केलाय हा घोडा.”

शेजारच्या पानावर छापले आहे ते हेच छायाचित्र. चौकट थोडी डावीकडे कलली आहे. पण ते हललेले नाही, आणि ते माझे आहे.

त्यानंतर आम्ही दोघांनी घोडा सोडवला. प्रत्येक भागावर पद्मासाठी हिरवा ठिपका लागला, आणि त्याला चिकटून माझा पांढरा. ब्रेकचा दांडा ठेवून घेऊ का, असे मी विचारले. बाईंनी नकार दिला. येरवड्यात शिवणकाम करणाऱ्या एका महिलेचा उजवा हात पक्षाघाताने अधू झाला आहे. आपण शिवलेल्या कपड्यांची छायाचित्रे तिला स्वतः काढायची आहेत. दांडा तिकडे गेला. आता तो कुणाच्या तरी मुठीत आहे, ही गोष्ट त्या रिकाम्या गॅलरीत मला धीर देते. त्या नकाराबद्दल मी बाईंचा ऋणी आहे.

बाई, आपल्याला उदंड आणि निरामय आयुष्य लाभो. आपले हात कधीही न कापोत. आणि ज्यांचे कापतात, त्यांना आपले दार सापडो.