वाघ म्हणू नका

समोरच्याला उताणा पाडला, की तो आधी वाकायचा. लोक टाळ्या पिटताहेत, शिट्ट्या चालू आहेत, आणि हा पडलेल्याच्या पाठीवरची धूळ झटकत हळूच विचारतोय, "लागलं तं नाई ना गा?" कुस्त्यांचा ठेकेदार दोराबाहेर उभा राहून दातओठ खायचा. त्याचं म्हणणं असं, की जिंकल्यावर छाती ठोकावी, पाय आपटावेत, पडलेल्याकडे ढुंकूनही पाहू नये. हा सगळं ऐकून घ्यायचा, मान हलवायचा, आणि पुढच्या कुस्तीत पुन्हा धूळ झटकायचा.

तुम्ही आमच्याकडची मंडई पाहिली असेल. दिवाळी सरली की चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावागावांत भरते. दिवसा बाजार, रात्री नाटक आणि मधल्या वेळेत कुस्ती. मातीतली कुस्ती वेगळी. ही दोर बांधलेल्या रिंगणातली, टीव्हीवर दाखवतात तशी. कोण कुणाला पाडणार, हे चहा पितानाच ठरलेलं असायचं. लोकांनाही ते माहीत असायचं, तरी गळा फाटेस्तोवर ओरडायचे. नाटकातला राजा खरा नसतो म्हणून कुणी टाळ्या राखून ठेवतं का? माझं मूल या तालुक्याच्या गावी साऊंड सर्व्हिसचं दुकान आहे. या कुस्तीवाल्यांना भोंगे माझेच लागायचे, म्हणून हंगामभर मी त्यांच्याबरोबर टेम्पोतून हिंडायचो.

ठेकेदाराने त्याला पट्ट्यापट्ट्यांची चड्डी शिवून दिली होती आणि नाव ठेवलं होतं वाघ. पुढे काही नाही, मागे काही नाही, नुसतं वाघ. त्याचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. लोकांच्या तोंडी जाणं त्याला आता पुरे झालं आहे. तो दोराखालून आत शिरला की पेनड्राइव्हमधली डरकाळी सोडायची, हे माझं काम. डरकाळी अशी दणदणीत, की बाजारातल्या शेळ्या दावं तोडायच्या.

आणि हा वाघ कसा, तर पालीला भिणारा. एकदा टेम्पोत वायरींच्या गुंडाळीतून पाल निघाली, तर हा एवढा थोराड गडी चालत्या गाडीतून उडी मारायला निघाला. आम्ही चौघांनी धरून ठेवला. डॉक्टरकडे सुई टोचून घ्यायची म्हटलं की बहिणीला फोन लावायचा. बहीण अहेरीला दिलेली, तिचा नवरा तिथल्या सरकारी कचेरीत. ती फोनवर बोलत राहायची आणि हा डोळे मिटून सुई टोचून घ्यायचा. आम्ही चिडवून चिडवून दमलो, पण गडी कधी रागावला नाही.

मग तो मोहफुलांचा हंगाम आला.

त्याचं गाव अगदी जंगलाला लागून. चैत्रात तिथे पहाटेच माणसं मोहाच्या झाडाखाली पोचतात, रात्रभर गळलेली फुलं वाकून वाकून वेचतात. त्याची माय एका झाडाखाली होती आणि बाप पलीकडच्या झाडाखाली. जंगलात त्या जनावराचं नाव घ्यायचं नाही, ही आमच्या भागातली जुनी रीत. मोठा म्हणायचं, पट्टेवाला म्हणायचं. नाव घेतलं की तो येतो, असं म्हातारी माणसं सांगतात. बापाने जन्मभर ती रीत पाळली. त्या सकाळी मात्र बायकोच्या मागचं गवत हललेलं त्याला दिसलं आणि तोंडातून नावच निघालं. वाघ, वाघ, असं ओरडत तो काठी घेऊन धावला. पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

त्या दिवसापासून म्हाताऱ्याचं डोकं तिथेच अडकलं. एरवी बरा असायचा. शेळ्या बांधायचा, चहा मागायचा, पोराशी दोन शब्द बोलायचा. पण कुणी ते नाव मोठ्याने घेतलं की जेवत असला तरी ताटावरून उठायचा, काठी शोधायचा आणि तडक जंगलाच्या वाटेला लागायचा. बायकोला सोडवायला. धरून आणलं तर पोराला शिव्या द्यायचा, की माय मरून राह्यली अन् तू मले काऊन अडवतं.

आता मला सांगा, अशा घराने काय करावं? पोरगा साऱ्या तालुक्याचा लाडका. घरापुढून जाणारा प्रत्येक मोटारसायकलवाला प्रेमाने हाक देऊन जायचा, "वाऽघ!" आत म्हातारा काठीला हात घालायचा. बाहेरच्याला त्याचा पत्ताच नसायचा.

तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "भाऊ, थे डरकाळी बंद करा." मी बंद केली. पुढच्याच मंडईत तो रिंगणात आला, मी मशीनवरचा हात काढून घेतला. लोकांना वाटलं, माझा सेट बिघडला. मग मागच्या रांगेतून एकाने तोंडानेच डरकाळी फोडली, दुसऱ्याने फोडली, आणि बघता बघता अख्ख्या मैदानाने. माझ्या भोंग्यांनी कधी इतका आवाज दिला नव्हता. ठेकेदार खूश. मी त्याला म्हटलं, बाबा रे, नाव बदल त्याचं. तो म्हणाला, लोक नावालाच येतात, कुस्ती कुठे नसते? मी पोरालाच म्हटलं, तू हा धंदाच सोड. त्यावर त्याचं उत्तर असं, की धंदा सोडला तरी लोक रस्त्यात काय म्हणतील? तेच म्हणतील.

तेव्हाच त्याच्या डोक्यात गाण्याचं शिरलं. तसा तो टेम्पोत बसल्या बसल्या फोनवर ठेका लावून पुटपुटायचाच. ते रॅप का काय म्हणतात ते. मी जुन्या वळणाचा माणूस, मला त्यात गाणं कुठलं ते कळत नाही. मी विचारलं, म्हणायचंच आहे तर भजन का म्हणत नाहीस?

"गाणं मले येत नाई, भाऊ. याच्यात बोलाच लागते. अन् मले बोलाचं हाये." मग म्हणाला, "लोकं माह्यं बोलणं आयकतील, तं मंग नावानं बोलावतील."

एवढीच त्याची आशा होती. आपल्या खऱ्या नावाने गाणी काढायची, लोकांच्या तोंडी ते नाव बसवायचं, म्हणजे जुनं आपोआप सुटेल आणि म्हातारा घरात राहील.

माझ्या दुकानामागच्या खोलीत आम्ही भिंतींना लग्नाच्या गाद्या टांगल्या, पंखा बंद केला आणि घामाच्या धारांत सहा गाणी भरली. ठेके ओळखीच्या एका कीबोर्डवाल्याने बांधून दिले. ऐन रंगात आलं की वीज जायची. मी वीजवाल्यांच्या सात पिढ्या उद्धारायचो आणि हा काळोखात गादीला टेकून ओळी घोकत बसायचा. त्यातल्या दोन मला पाठ झाल्या आहेत.

"माय वाकली फुलं वेचाले, उठलीच नाई,
बाप अजून मारते हाक, हाक तुटलीच नाई."

सहा गाण्यांत ते नाव एकदाही नव्हतं. सगळीकडे नुसतं 'तो'. मी इतके दिवस कानाला हेडफोन लावून बसलो, पण हे माझ्या ध्यानात आलं ते शेवटी, त्याने बापाला दुकानात आणलं तेव्हा. छोट्या स्पीकरवर त्याने सगळी गाणी लावली. म्हातारा मांडीवर हात ठेवून ऐकत होता. उठला नाही, काठी शोधली नाही. संपल्यावर विचारलं, "कोण होय हा?"

"मीच होय, बाबा."

"बरा बोलते," म्हातारा म्हणाला आणि चहा मागितला. त्या दिवशी पोराने मला आणि कीबोर्डवाल्याला समोसे खाऊ घातले. इतका हसताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

गाणी फोनवर चढली आणि चाहत्यांची तोंडं सुटली. एकाने लिहिलं, वाघाले सर्दी झाली का? दुसऱ्याने लिहिलं, वाघ म्याव करून राह्यला. एका गाण्यात त्याचा गळा दाटला होता, तेवढाच तुकडा कापून लोकांनी एकमेकांना पाठवला. कित्येकांना खरंच वाईट वाटलं होतं, तेही सांगतो. आमचा वाघ असा रडका कसा, कुणी बिघडवला त्याला, असं विचारायला माणसं माझ्या दुकानात यायची. जसा काही मीच त्याला दारू पाजली होती. एक बाई तेवढी वेगळी आली. तिचा नवराही तसाच गेला होता. तिने गाणी फोनमध्ये भरून घेतली, पदराने डोळे पुसले आणि गेली.

शेवटी त्याने स्वतःच सांगायचं ठरवलं. मंडईतली कुस्ती संपल्यावर माझ्या हातातला माईक घेतला. मायचं सांगितलं. बापाचं सांगितलं. लोक ओरडतात तेव्हा बाप काठी घेऊन निघतो, हेही सांगितलं. म्हणाला, "तुमचे उपकार हायेत माह्यावर. पण मले वाघ म्हणू नका. हात जोडतो."

बाया रडत होत्या. मला वाटलं, जमलं. आता जमलं. तेवढ्यात पुढून एक गडी उभा राहिला. त्याचेही डोळे भरलेले, खोटं कशाला सांगू? हात वर करून तो म्हणाला, "वाघा, आमी तुह्यासंग हावो!" आणि सगळं मैदान उठलं. वाघ, वाघ, वाघ. टाळ्यांच्या ठेक्यावर. रडत रडत. तो हात जोडून उभाच होता. मी माईक बंद केला, पण माईक बंद करून काय उपयोग होता?

त्यानंतर चंद्रपूरच्या कुण्या डीजेवाल्याने मायचं गाणं उचललं. खाली ढोल भरले, ओळी तोडल्या, 'उठलीच नाई, तुटलीच नाई' एवढंच ठेवलं आणि दर दोन ओळींमागे डरकाळी टाकली. लग्नसराई होती. वराती त्यावर नाचल्या. भद्रावतीपासून जिवतीच्या डोंगरापर्यंत ते पोचलं. आता सगळे म्हणायला लागले, की वाघाने काय गाणं काढलं आहे राव! गावच्या पोरांनी वर्गणी करून त्याच्या घरासमोर मोठा फ्लेक्स लावला. धड त्याचं, मागे आ वासलेलं ते तोंड, आणि खाली 'आमचा अभिमान'. लावताना ढोल वाजवले, नाव घेऊन जयजयकार केला. तो त्या वेळी माझ्याकडे, मूलला होता.

म्हातारा मागच्या दाराने निघून गेला. ढोलाच्या नादात कुणाला कळलंच नाही. ज्यांनी फ्लेक्स लावला तीच पोरं मग संध्याकाळपर्यंत जंगलात त्याला शोधत होती, आणि बिचारी मनापासून शोधत होती. वनरक्षकाला तो त्याच मोहाखाली सापडला. झाडाभोवती काठी आपटत फिरत होता. पायांत काटे भरले होते, बाकी सुखरूप. ते जनावर त्या दिवशी दुसरीकडे असावं, दुसरं काय म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी पोरगा दुकानात आला. स्टुलावर बसला आणि विचारलं, "भाऊ, थे गाणं बंद कराची काही सोय हाये का?"

मी डीजेवाल्याला फोन केला होता. तो बिचारा माणूस चांगला निघाला, त्याने स्वतःकडचं काढूनही टाकलं. पण ते प्रत्येकाच्या फोनमध्ये, प्रत्येक टेम्पोत, प्रत्येक मंडपात जाऊन बसलं होतं. मी पोराला समजावून सांगायला लागलो आणि मलाच रडू फुटलं. इतकी वर्षं आवाजाच्या धंद्यात काढली, पण एकदा सुटलेला आवाज परत कसा आणायचा, ते मला येत नव्हतं.

"राहू द्या," तो म्हणाला. "तुमी काऊन रडता?"

बहिणीने बापलेकांना अहेरीला बोलावून घेतलं. भर गावात तिचं क्वार्टर, तिथे कोण ओळखणार? त्यांना बसवून द्यायला मी मूलच्या स्टँडवर गेलो. म्हातारा नवीन सदरा घालून खिडकीशी बसला होता, लेकीकडे जायचं म्हणून खुशीत. गाडी सुटायला थोडा वेळ होता, आणि तेवढ्यात चार-पाच पोरांनी शेजारच्या लेकाला खिडकीतून ओळखलं. आनंद त्यांच्या तोंडावर मावेना. सेल्फी घेतल्या. तोही हसला, त्याला नाही म्हणता कुठे यायचं? मग एकाने त्याच्या मानाखातर फोनवर तेच गाणं लावलं, आणि बाकीच्यांनी टाळ्यांवर नाव घ्यायला सुरुवात केली.

म्हातारा सीटखाली काठी चाचपायला लागला. मी फोन हिसकायला पुढे झालो, तर लेकाने आतूनच मान हलवून मला थांबवलं. मग बापाला छातीशी ओढलं आणि आपले दोन्ही मोठे तळवे त्याच्या कानांवर दाबून धरले. बाप आतल्या आत धडपडत होता. हा खिडकीतून पोरांकडे बघत अजून हसतच होता.

"बापावर काय जीव हाये पाहा वाघाचा," एक पोरगा म्हणाला, आणि त्याने त्याचाही व्हिडिओ काढला.

गाडी सुटली. वळणापर्यंत ती पोरं नाव घेत तिच्यामागे धावत गेली. त्याचे हात म्हाताऱ्याच्या कानांवरच होते.