साळवेकाकांची शंभर पानं

साळवेकाकांच्या मिलिंददादाचा फोन आला तेव्हा मी अंबरनाथला, आमच्या कंपनीतल्या सर्व्हरच्या खोलीत उभी होते. "दीपा, बाबा गेले. सकाळी नऊला." आणि मग, गॅस बंद करू का असं विचारावं तितक्या साधेपणाने त्याने विचारलं, "मशीन चालूच आहे. बंद करू?" मी काय बोलले ते मला आठवत नाही. मिलिंददादा सांगतो की मी ओरडले. "हात लावू नकोस," असं म्हणाले म्हणे. ज्याचे वडील तासाभरापूर्वी गेलेत त्या माणसाशी मी असं बोलले याची लाज वाटते. पण साळवेकाकांनी हे ऐकलं असतं तर ते माझ्या बाजूने उभे राहिले असते, एवढं मात्र मला नक्की माहीत आहे.

आज सात आठवडे झाले. बदलापूर पश्चिमेला, मांजर्लीत, आमच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर साळवेकाका राहायचे. अंबरनाथच्या कारखान्यात भट्टीवर पस्तीस वर्षं काम करून निवृत्त झालेले. उंच, हाडापेरानं मजबूत, घरातही शर्टाचं वरचं बटण लावून बसणारे. माझे वडील स्टेशनला रिक्षा चालवतात. सोनिवलीतली भाताची जमीन आजोबांच्या वेळेलाच गेली होती. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं, आणि कॉम्प्युटर नावाची वस्तू मी पहिल्यांदा हाताळली ती काकांच्या त्या खोलीत. पुढे मी बी.एस्सी. झाले, नोकरीला लागले. कॉलेजने मला पदवी दिली हे खरं, पण शिकवलं काकांनी. आणि ते स्वतः मात्र कोणालाही सांगायचे, "मी काय शिकवणार? मी आयटीआयवाला माणूस. ती आणि मी एकत्र अडखळायचो."

ती मशीनं मुळात मिलिंददादाची. कॉलेजात असताना, क्रिप्टोची, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नाण्यांची, हवा होती तेव्हा, त्याने उल्हासनगरच्या बाजारातून जुनी ग्राफिक कार्डं आणून जोडली होती. एका छोट्याशा नाण्यावर त्याचा जीव जडला होता. त्याचं खरं नाव इंग्रजी होतं, काका त्याला 'बारकं' म्हणायचे. पुढे भाव पडला, लोक पांगले, मिलिंददादाला पुण्यात नोकरी लागली. निघायच्या दिवशी तो प्लग काढायला वाकला तेव्हा काकांनी विचारलं, "तुझा रिलीव्हर कोण?" मिलिंददादा हसला. काका हसले नाहीत. भट्टीवर पुढच्या पाळीचा माणूस येऊन समोर उभा राहिल्याशिवाय जागा सोडायची नाही, मग घरी लग्न असो की मयत. आलेल्या माणसाला काय चालू आहे, काय त्रास देतंय, काय राहिलंय ते सांगायचं, आणि "घेतलं?" असं विचारायचं. तो "घेतलं" म्हणाला की मगच टोपी काढायची. त्या दिवशी मिलिंददादाने थट्टेत सगळं सांगितलं, "घेतलं?" म्हणून विचारलं, आणि काका गंभीरपणे म्हणाले, "घेतलं."

ही मशीनं करतात ते मायनिंग म्हणजे काय, ते काका इमारतीतल्या कोणालाही पाच मिनिटांत समजावत. जगात ठिकठिकाणी बसलेल्या लोकांच्या कॉम्प्युटरवर एकच वही आहे. दर दहाएक मिनिटांनी तिला एक नवं पान जोडायचं. जोडण्याआधी गणिताचं एक कुलूप उघडावं लागतं. त्याला अक्कल लागत नाही, कष्ट लागतात, एकेक किल्ली लावून बघत बसायचं. ज्याच्या मशीनची किल्ली लागेल तो पान जोडतो आणि त्याला थोडी नाणी मिळतात. एखाद्या पानावर जितकी पानं चढत जातील, तितकं त्या पानावरचं बदलणं अशक्य होत जातं. पण नवी पानं चढायची थांबली तर वही मेली. "माणसाचं पण तसंच असतं," असं काही काका म्हणाले नाहीत. ते म्हणायचे, "आणि लाइटबिल येतं ते वेगळं."

बाजारात त्या नाण्याला काडीची किंमत उरली नव्हती. मग काका कशासाठी बसत होते? नाणं पाठवताना सोबत एक ओळ लिहिता यायची, ती त्या वहीत कायमची राहायची. मांजर्लीत उल्हास नदीचं पाणी घरात शिरलं होतं त्या वर्षी काका तळमजल्यावर राहत होते. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत त्यांचं आयटीआयचं सर्टिफिकेट होतं, मिलिंददादाच्या मार्कशिटा होत्या, काकूंचा शाळा सोडल्याचा दाखला होता. चौथ्या दिवशी पेटी उघडली तेव्हा आत लगदा होता. काकू त्यांच्या माहेरच्या वस्तीतली सातवी पास झालेली पहिली मुलगी. त्यांची शाळाही तोवर बंद पडलेली. काकू गेल्या तेव्हा त्या शिकल्या होत्या याचा एकही कागद जगात नव्हता. हे काकांना लागलं होतं. मशीन हाती आल्यावर त्यांनी पहिली ओळ लिहिली ती काकूंची... नाव, गाव, सातवी पास. त्यानंतर इमारतीत, गल्लीत, कोणी काही पास झालं की काका त्याच्या नावाने एक नाणं पाठवायचे आणि एक ओळ लिहायचे. दहावी पास, नर्सिंग पास, ड्रायव्हिंगचं पक्कं लायसन. मी पदवीधर झाले तेव्हा माझे बाबा खाकी शर्टातच त्या खोलीत आले होते. पडद्यावर माझं नाव बघून ते म्हणाले, "हे पाण्यानं जाणार नाय ना?" काका म्हणाले, "पाणी यायला बारा देशांत एकदम यावं लागेल."

आता मला माझ्या चुकीबद्दल लिहायचं आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मला बोनस मिळाला. त्या वेळी बारक्याच्या वहीवर जगात नऊ जणच उरले होते आणि काकांची कार्डं म्हातारी झाली होती. मला वाटलं, गुरुदक्षिणा द्यावी. इंटरनेटवर मायनिंगची ताकद भाड्याने मिळते. मी तीन दिवसांसाठी ती घेतली, काकांना न सांगता. पानं धबाधबा जोडली जाऊ लागली. काका खूश, मला फोन करून सांगायचे, "अगं, बारकं बाळसं धरतंय!" मी एक गोष्ट विसरले होते. दर शंभर पानांनी वही स्वतःच बघते की किती जण किल्ल्या लावतायत, आणि त्याप्रमाणे कुलूप अवघड किंवा सोपं करते. माझ्या भाड्याच्या ताकदीने कुलूप राक्षसी झालं, आणि चौथ्या दिवशी भाडं संपलं. दहा मिनिटांत लागणाऱ्या पानाला नऊ तास लागले. कुलूप पुन्हा सोपं व्हायला तशी शंभर पानं जोडायची होती. दोन दिवसांत नऊ जणांतले सहा वही मेली म्हणून निघून गेले. दहावीचा निकाल महिन्यावर आला होता आणि इमारतीतली चार पोरं, लिहिली जायची म्हणून, आधीपासून काकांना विचारून गेली होती.

मी दोन दिवस तोंड लपवलं. तिसऱ्या दिवशी जाऊन रडत सगळं सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला. "बेअरिंग जळलं तर आम्ही काही बोलायचो नाही. बेअरिंग जळतंच. पण लपवलं तर मात्र... दोन दिवस उशीर केलास, तेवढीच तुझी चूक. बाकी शंभर पानं आहेत. जोडू."

त्याच दुपारी आम्ही उल्हासनगरला होतूशेठकडे गेलो. जुन्या कॉम्प्युटरच्या सामानाचं त्यांचं दुकान, मिलिंददादापासूनची ओळख. काकांनी कार्डं मागितली तशी शेठ हात जोडून म्हणाले, "साळवे साहब, सब लोग मेरे पास खटारा बेचने आते हैं, एक आप ही खरीदने आते हो! काय करता काय ह्याचं, साईं?" काकांनी त्यांना वहीचं सगळं सांगितलं, काकूंच्या दाखल्यासकट. फाळणीनंतर शेठचे वडील सिंधमधून इथल्या निर्वासितांच्या कॅम्पात आले ते हातात काहीही न घेता. मॅट्रिक होते, पण सांगून कोणाला पटणार? शेठनी टेबलाखालून स्वतः वाकून पाच कार्डं काढली. "चालली तर चालली. आणि माझ्या बापाचं नाव लिहा. मॅट्रिक, शिकारपूर."

एका घराच्या मीटरवर एवढी कार्डं चालेनात, फ्यूज उडायला लागला. मग काकांनी ती वाटली. एक आमच्याकडे, एक दुसऱ्या मजल्यावर डबे करणाऱ्या वंदनाताईंकडे, असं पाच घरांत. मे महिना, बदलापूरचा उकाडा, त्यात ही तापणारी मशीनं. वंदनाताई म्हणाल्या, "काका, माझ्या किचनमध्ये आधीच दोन शेगड्या आहेत, ही तिसरी. पापड भाजू का हिच्यावर?" पण मशीन बंद पडलं की त्याच पहिल्या खाली धावायच्या. कार्ड फार तापलं की पंखा वळवायचा, लाइट जाऊन आली की परत सुरू करायचं, एवढंच काम होतं, पण ते चोवीस तासांचं होतं. काकांनी पाळ्या लावल्या. दुपारची पाळी बायकांची, लसूण सोलत. सकाळची माझ्या बाबांची, रिक्षा काढण्याआधी. प्रत्येक जण उठताना विचारायचा, "घेतलं?" आधी हसत हसत, आठवड्याभराने अगदी मनापासून.

वहीवर आमच्याशिवाय दोघंच उरले होते. त्यातला एक, कुठल्याशा थंड देशातला निवृत्त पोस्टमन, त्याने एक दिवस ओळ लिहिली : मी अजून आहे, तुम्ही आहात का? काकांनी मला उत्तर सांगितलं, मी इंग्रजीत घातलं : आम्ही पाळीवर आहोत. सदुसष्टाव्या पानाला तेरा तास लागले. तेव्हा मी काकांना म्हटलं, सोडून देऊ या. त्यांनी मला ओरडून नव्हे, नवल वाटल्यासारखं विचारलं, "सदुसष्ट झाल्यावर?"

निकालाच्या आधीच्या रविवारी दुपारी शंभरावं पान लागलं. खोलीत पंधरा-सोळा माणसं होती, दारात चपलांचा ढीग. पान लागलं हे आम्हाला कळलं, पण कोणी हललं नाही, कारण खरी परीक्षा पुढच्या पानाची होती. एक मिनिट, दोन... चौथ्या मिनिटाला एकशे एकावं पान लागलं. मग सातव्या मिनिटाला आणखी एक. वंदनाताईंनी शिट्टी मारली. त्यांना शिट्टी येते हे त्यांच्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं. बाबा स्टेशनवरून दोन किलो जिलबी घेऊन आले. काका मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून आले, शर्टाचं बटण लावलं, आणि पहिली ओळ लिहिली ती होतूशेठच्या वडिलांची. त्या आठवड्यात चार पोरं दहावी पास झाली. चौघांचीही नावं चढली.

त्यानंतर काका तीन वर्षं होते. हृदय अशक्त झालं होतं, जिना चढताना थांबायचे. पण ती तीन वर्षं मी त्यांना हरलेल्या माणसासारखं कधी पाहिलं नाही. त्यांनी पाचही घरांतली कार्डं परत घेतलीच नाहीत. "एका खोलीत ठेवलं तर ते माझं होऊन बसतं," म्हणाले. शेवटच्या भेटीत मी त्यांना विचारलं होतं, तुमचंही नाव लिहू का? "कशाबद्दल? मी काय पास झालो?" असं म्हणून त्यांनी विषय संपवला. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे बौद्ध पद्धतीच्या श्रद्धांजलीच्या दिवशी, बुद्धवंदना झाल्यावर मिलिंददादाने सगळ्यांसमोर हा प्रश्न मांडला. काकांनी नाही म्हटलं होतं, तर ते मोडायचं नाही, असं ठरलं. त्यांचं नाव वहीत नाही.

गेल्या रविवारी वंदनाताई त्या खोलीत आल्या. वयाच्या पन्नाशीत, डबे सांभाळून, त्यांनी बाहेरून दहावी दिली होती. मार्कशीट प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पदराखाली. "माझंच नाव लिही गं. आमचे हे नववी नापास आहेत, ते कुठे लिहू नको." त्या काकांच्या खुर्चीत बसायला तयार नव्हत्या. मीच त्यांना बसवलं. ओळ लिहिली, पाठवली, आणि वाट बघत राहिलो. अकराव्या मिनिटाला पान लागलं.

"आपल्या मशीननं लावलं?" त्यांनी विचारलं.

मी पाहिलं. आमच्या पाच घरांतलं नव्हतं. पोस्टमनचंही नव्हतं. एक पत्ता होता, मी याआधी कधीच न पाहिलेला.

"नाही. कोणीतरी नवीन आलंय."

"कोण?"

"माहीत नाही, ताई. कुठे असतं तेही माहीत नाही."

वंदनाताई पडद्याकडे बघत राहिल्या. मग पदर सावरून त्यांनी त्या अनोळखी पत्त्याला नमस्कार केला, आणि उठून पोळ्या करायला गेल्या. मी खोली झाडली, पंखा मशीनकडे वळवला, मिलिंददादाला फोन करून सांगितलं. संध्याकाळी मी निघाले तेव्हा वंदनाताईंच्या नावावर एकोणतीस पानं चढली होती.