सगळे रीडर हिरवे होते

संध्याकाळी सहा पाचची गाडी आली तेव्हा मी सबवेच्या तोंडाशी भिंतीला पाठ लावून उभी होते. हातात मोबाइल, त्यावर स्टॉपवॉच. समोर खांबांवर बसवलेले चार कार्ड रीडर. माणसं प्लॅटफॉर्मवरून उतारानं खाली आली. पहिले दहाबारा जण भराभर सुटले आणि मग सगळं तुंबलं. पुढे काय झालंय ते मागच्यांना दिसत नव्हतं. ते चालतच राहिले. एका बाईच्या हातातला डबा पडला. तो उचलायला तिला वाकता येईना. तिनं तो पायानंच पुढे ढकलत नेला.

मी वेळ मोजली. एका माणसाला कार्ड टेकवून सुटायला चार सेकंद, कधी पाच. आमच्या कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं, अर्ध्या सेकंदाहून कमी.

हे रीडर मीच बसवले होते. मी फील्ड इंजिनीअर. मशीन बसवायची, चालू करायची, बिघडली की दुरुस्त करायची, हे माझं काम. स्टेशन रायगडच्या उत्तर टोकाला, खाडीच्या अलीकडे. नाव लिहीत नाही, कंपनीचंही नाही. मी मूळची थळची, लग्न होऊन या बाजूला आले, त्यामुळे त्या गर्दीतले अर्धे चेहरे ओळखीचे होते. त्याचा फार त्रास झाला.

रीडर म्हणजे खांबावरची छोटी पेटी. चढताना तिला कार्ड टेकवायचं, उतरताना पुन्हा टेकवायचं. हिरवा दिवा लागला की झालं. दार, अडसर काही नाही. पण उतरताना टेकवलं नाही तर कार्ड ब्लॉक होतं आणि दुसऱ्या दिवशी चालत नाही. त्यामुळे कोणी तसंच निघून जात नाही. प्रत्येकाला त्या चार पेट्यांपैकी एकीपुढे उभं राहावंच लागतं.

चार पुरेसे आहेत हे ऑफिसात ठरलं होतं. दिवसभरातले प्रवासी घेतले, तासांनी भागले, आणि ताशी इतके प्रवासी म्हणजे चार रीडर, असा हिशोब. मोठ्या शहरात, जिथे दर चार मिनिटांनी गाडी येते, तिथे तो चालतो. आमच्याकडे गाडी तासातून एक. तासाभराची सगळी माणसं एकदम उतरतात आणि पाच मिनिटांत बाहेर पडू पाहतात. उरलेली पंचावन्न मिनिटं रीडर रिकामे. सरासरी अगदी बरोबर येते. बाहेर मिनीडोर, म्हणजे शेअरच्या मोठ्या रिक्षा, उभ्या असतात, त्या भरून गेल्या की पुढची मिळायला अर्धा तास. म्हणून मागचा माणूस ढकलतो. त्याचं काही चुकत नाही.

त्या गर्दीत सामील न होणारा एकच माणूस मला वरचेवर दिसायचा. साठीच्या पुढचा, अंगानं सुकलेला, पांढरा शर्ट, डाव्या मनगटावर पट्टी. गाडीतून उतरला की तो वर प्लॅटफॉर्मच्या बाकावर बसून राहायचा. सगळे गेले की सावकाश खाली यायचा. नाव तुकाराम ठाकूर. पूर्वी मिठागरात काम करायचे. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिसला खाडीपलीकडे जायचे.

एक दिवस ते माझ्याकडे आले आणि कार्ड पुढे केलं.

"बाय, हे तुझं मशीन मना लाल दाखवतंय. दोनदा झालं."

मी माझ्या हातातल्या मशीनवर कार्ड तपासलं. ब्लॉक होतं. कारण लिहिलं होतं, ओव्हरस्टे. म्हणजे चढताना कार्ड टेकवल्यापासून उतरून पुन्हा टेकवेपर्यंत ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ लावला. लोक स्टेशनात नुसते हिंडत बसू नयेत म्हणून ही मर्यादा घातलेली असते.

"तुम्ही बाकावर बसता ना, काका, त्याचं आहे हे."

"मग बसू न्हाय? सुई काढली की डोकं गरगरतं. आन् खाली ही चेंगराचेंगरी. हा हात मना जपायचा असतो."

त्यांनी पट्टी थोडी सरकवून मनगट माझ्या हातात दिलं. कातडीखाली जाड शीर फुगलेली होती आणि ती थरथरत होती, मोबाइल व्हायब्रेट होतो तशी. ऑपरेशन करून रोहिणी आणि नीला जोडतात, त्याला फिस्टुला म्हणतात, हे मला त्यांच्याकडून कळलं. डायलिसिसची सुई तिथे टोचतात.

"ही थरथर हाय तवर मी हाय," ते म्हणाले. साधं सांगितलं, पत्ता सांगावा तसं.

कार्ड मोकळं करायची खिडकी रुळांच्या पलीकडे, जिना चढून. तिथल्या बुकिंगच्या गायकवाडांना मी विचारलं, "यांना सूट देता येत नाही का?"

"मॅडम, मी फक्त अनब्लॉक करू शकतो. मर्यादा तुमच्या सिस्टिममधे आहे. तुम्हीच बदला."

ती मला बदलता येत नव्हती. त्याला नवी मुंबईच्या ऑफिसातून परवानगी लागते. मी त्याच दिवशी देसाई सरांना मेल केला. देसाई म्हणजे आमचे प्रोजेक्ट मॅनेजर. मेलमधे तीन मागण्या होत्या. दोन रीडर सबवेच्या दुसऱ्या तोंडाला हलवा. ओव्हरस्टेची मर्यादा वाढवा. आणि ऑनलाइन चेक बंद करा.

ऑनलाइन चेक हे चार सेकंदांचं खरं कारण होतं. कार्ड टेकवलं की रीडर सर्व्हरला विचारतो, हे कार्ड ब्लॉक आहे का? सबवेत नेटवर्क जेमतेम. रीडर उत्तराची वाट बघतो, उत्तर वेळेत येत नाही, मग कंटाळून हिरवा दिवा लावतो. ब्लॉक कार्डांची यादी रीडरच्या पोटातच ठेवता येते आणि अधूनमधून ताजी करता येते. एक सेटिंग बदलायचं. पण ऑनलाइन चेक बंद केला की ऑफिसातल्या स्क्रीनवर प्रत्येक प्रवासी त्याच क्षणी दिसत नाही. आणि ती स्क्रीन पाहुण्यांना दाखवायची असते.

आठवडाभर उत्तर नाही. मग मीच फोन केला.

"मॅडम, मी आता डॅशबोर्डसमोरच बसलोय," देसाई म्हणाले. "तुमच्या स्टेशनचे चारही रीडर हिरवे आहेत. फॉल्ट एकही नाही."

"सर, रीडर चालू आहेत. माणसं अडकतायत."

"तो क्राउड मॅनेजमेंटचा विषय आहे. आपला नाही. पब्लिकला शिस्त नसते, त्याला आपण काय करणार?"

"सर, तुम्ही एकदा सहा पाचच्या गाडीला येऊन उभे राहा."

"बघतो," ते म्हणाले.

ते आले नाहीत. टेम्पोतून दोन स्टँड आले. लोखंडी, माणसाएवढे, त्यावर फलक: 'कृपया रांगेत उभे राहा'. ते रीडरच्या समोर ठेवायचे असा निरोप होता. ठेवले तर असलेल्या जागेतली हातभर जागा आणखी गेली असती. मी ते बुकिंगच्या मागे उलटे करून ठेवले. त्या दिवशी मला फार राग आला होता. राग देसाईंचा होताच. पण मी पुन्हा एक मेल करण्यापलीकडे काही केलं नाही, त्याचाही होता.

ठाकूर काकांना मात्र तेवढा वेळ नव्हता. तिसऱ्यांदा कार्ड ब्लॉक झालं तेव्हा त्यांना सकाळी जिना चढून खिडकीशी जावं लागलं आणि गाडी चुकली. डायलिसिसची वेळ ठरलेली असते. ती चुकली तर दुसऱ्याची पाळी लागते. त्या दिवशी त्यांना दुपारपर्यंत ताटकळावं लागलं. मग त्यांनी ठरवलं की बाकावर बसायचं नाही. सगळ्यांबरोबरच उतरायचं आणि कार्ड टेकवायचं.

सोमवार होता. मी दोन नंबरच्या रीडरपाशी होते. काका गर्दीत दिसले. डावा हात डोक्याच्या वर धरलेला, उजव्या हातात कार्ड. मी आवाज दिला, "काका, कडेनं या." त्यांना ऐकू गेलं नाही. मागून लोंढा आला. ते पुढे फेकले गेले आणि तोल सावरायला त्यांनी तोच डावा हात खाली आणून खांब धरला. त्यांच्या पाठीवर आणखी तीनचार माणसं आली. रीडरच्या पेटीला खालच्या बाजूला पत्र्याची कड आहे. मनगट तिच्यात आणि गर्दीत सापडलं.

ते ओरडले नाहीत. मला आधी रक्तच दिसलं. शर्टाची बाही भिजली, खांबावर धार लागली. डायलिसिसमधे रक्त पातळ ठेवायचं औषध देतात, त्यामुळे ते लवकर थांबत नाही. माणसं क्षणात बाजूला झाली. इतकी जागा त्या सबवेत होती हे मला तेव्हा कळलं.

मी ओढणी काढली आणि गुंडाळायला लागले.

"गुंडाळू नको," काका खाली बसत म्हणाले. "आंगठा ठेव. तिथं. दाबून धर, पण लय आवळू न्हाय."

"असं?"

"व्हय. आता सोडू नको. घाबरू नको, मना म्हाईत हाय सगळं."

मी वीस मिनिटं अंगठा हलवला नाही. गायकवाडांनी रिक्षा थेट सबवेच्या तोंडापर्यंत आणली. एका बाईंनी काकांचं डोकं मांडीवर घेतलं. रक्त थांबल्यावर काकांनी पहिली गोष्ट केली, ती म्हणजे शिरेची घरघर ऐकू येते का ते बघायला मनगट कानाला लावलं. बराच वेळ लावून ठेवलं. मग हात खाली घेतला.

"बंद झाली वाटतं," ते म्हणाले.

हॉस्पिटलमधे तेच निघालं. शीर गुठळीनं बंद झाली होती.

मंगळवारी देसाईंचा फोन आला. चौकशीसाठी रेल्वेचे एक अधिकारी येणार होते. त्याआधी देसाईंना माझ्या सहीचं एक पत्र हवं होतं. मजकूर तयार होता. 'घटनेच्या वेळी चारही रीडर सुस्थितीत होते.'

"खोटं काही नाही त्यात," देसाई म्हणाले. "लॉग काढून बघा. रीडर हिरवेच होते."

"हो सर, होते. मी सही करते. पण खाली माझे दोन मेल जोडते, आणि त्या पाच मिनिटांचा लॉगही. प्रत्येक कार्डाला किती सेकंद लागले ते त्यात आहे."

"मॅडम, तुम्ही कोणाच्या पगारावर आहात?"

"तुमच्या. म्हणून तर मेल तुम्हाला केले होते."

ते म्हणाले, "याचे परिणाम तुम्हाला माहीत असतील." मला माहीत होते. घरी मी नवऱ्याला सांगून ठेवलं की कदाचित नोकरी जाईल. तो म्हणाला, "पत्र दे आधी, मग बघू." मी पत्र दिलं.

अधिकारी आले ते सकाळी अकराला. पुढच्या गाडीला अवकाश होता. सबवे धुतलेला, पत्र्याची कड पुसलेली. त्यांनी चारही रीडरवर कार्ड टेकवून पाहिलं, शांतपणे, एकेकावर थांबत. देसाई शेजारी उभे राहून प्रत्येक हिरव्या दिव्याला मान हलवत होते.

"जागा योग्य असल्याचा फॉर्म कोणी भरलाय?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"मी," मी म्हणाले. "अशाच वेळी आले होते. स्टेशन रिकामं होतं. मी 'योग्य' वर टिक केली. चूक माझी आहे. पण साहेब, तुम्हीही तीच करताय. सहा पाचपर्यंत थांबा."

देसाई मधे पडले. "साहेबांना वेळ नाहीये."

अधिकारी रागावले असावेत. पण म्हणाले, "थांबतो."

संध्याकाळी ते मागच्या स्टेशनवर जाऊन त्याच गाडीनं परत आले, साध्या प्रवाशासारखे. हातात फाइलची बॅग. मी त्यांना उतारावर पाहिलं. मग ते दिसेनासे झाले. रीडरपाशी पोचले तेव्हा चष्मा हातात होता आणि बॅग कोणाच्या तरी पाठीला अडकली होती. त्यांनी कार्ड टेकवलं. रीडर विचार करत बसला. मागून कोणीतरी म्हणालं, "ओ, चला ना पुढं." त्यांनी बाहेर येऊन चष्मा घातला, वहीत काहीतरी लिहिलं आणि देसाईंशी न बोलता आपल्या मोटारीत बसून गेले.

त्यानंतर सगळं भराभर झालं. महिन्याभरात दोन रीडर दुसऱ्या तोंडाला गेले. ऑनलाइन चेक बंद झाला, कार्ड टेकवलं की लगेच टुंग वाजतं. मर्यादा वाढली. पत्र्याच्या कडांना रबर लागलं. हे सगळं माझ्या पहिल्या मेलमधे होतं, रबर सोडून. तेही मला तेव्हा सुचायला हवं होतं.

कंपनीच्या मासिकात या बदलांचा फोटो आला. फोटोत देसाई. खाली लिहिलं होतं, प्रवाशांच्या सोयीसाठी स्वतःहून उचललेलं पाऊल. मला आठ महिने गोदामात बसवलं, सुटे भाग मोजायला. नोकरी गेली नाही, कारण माझं पत्र चौकशीच्या फाइलला जोडलेलं होतं.

ठाकूर काकांच्या मानेत नळी घातली आणि तीन महिने त्यावर डायलिसिस चाललं. दोनदा जंतुसंसर्ग झाला. नंतर उजव्या हाताला नवीन फिस्टुला केला. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी तो हात पुढे केला नाही, आणि मीही मागितला नाही. त्यांची सून म्हणाली, "आता आम्ही गाडीनं पाठवत न्हाय यांना." शेजारचा कोणी ना कोणी रिक्षानं सोडतो. म्हणजे स्टेशन सुधारलं, ते ज्याच्यामुळे सुधारलं तो माणूस सोडून बाकी सगळ्यांसाठी.

आता मी पुन्हा फील्डवर आहे. नवीन माणसांना साइट बघायला शिकवते. मशीन कशी तपासायची ते मी शेवटी सांगते. आधी टाइमटेबल काढायला लावते आणि सगळ्यात भरून येणाऱ्या गाडीखाली रेघ मारायला. त्या गाडीतून उतरून, ढकलाढकलीत स्वतः कार्ड टेकवून आल्याशिवाय फॉर्म भरायचा नाही. रिकाम्या स्टेशनवर सगळीच मशीन उत्तम चालतात.