काकांच्या रक्तावरची साय

"तुपात साखर दाखवा, आत्ता सोडतो!" असं म्हणून काका भातावर तूप ओतायचे. चमच्याने नव्हे, वाटीने.

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. डॉक्टरांचं बोलणं मन लावून ऐकणारा, पण आपल्या सोयीच्या वाक्याला पोचला की उठून निघणारा.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असावी. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत मी नवा लागलो होतो. ते तिथले सीनियर केमिस्ट. सगळा कारखाना त्यांना काका म्हणायचा, म्हणून मीही म्हणू लागलो. त्यांचा मधुमेह नुकताच निघाला होता. डॉक्टरांनी साखर बंद केली आणि काकांनी ती खरोखर सोडली. गुळाच्या खड्याकडेही ते बघत नसत. फक्त उरलेली सगळी भूक त्यांनी तुपावर, तळलेल्या पुऱ्यांवर आणि कँटीनच्या भज्यांवर वळवली.

मी एकदा भीत भीत म्हटलं, "काका, एवढं तूप..."

"थांब," म्हणाले. त्या काळी लघवीतली साखर घरीच तपासायचे. निळ्या द्रावणात आठ थेंब टाकून उकळायचे. निळं राहिलं तर उत्तम, हिरवं-पिवळं झालं तर सांभाळा, विटकरी झालं तर डॉक्टर गाठा. काकांनी त्या निळ्या द्रावणात डब्यातलं तूप टाकलं आणि बर्नरवर धरलं. तूप वर तरंगलं, खालचं द्रावण निळंच राहिलं.

"बघ! विज्ञान आहे हे," असं म्हणून त्यांनी उरलेलं तूप भातावर घेतलं.

स्वतःची तपासणीही ते कारखान्यातच करायचे. सकाळी आल्या आल्या हवामानाच्या बातमीसारखं जाहीर करायचे, "आज पोपटी." एकदा कुठल्याशा लग्नाहून आले होते. नळी स्टँडमध्ये ठेवून हात धुवायला गेले आणि नेमके मॅनेजरसाहेब आत आले. त्यांनी नळी उचलून उजेडात धरली.

"वा, हा विटकरी शेड फार छान आलाय! कुठल्या बॅचचा?"

काका दारातच थिजले. "पर्सनल बॅच आहे, सर."

"अशीच काढत चला," म्हणून साहेब पाठ थोपटून गेले.

वर्षभरात काकांचं पोट शर्टाच्या बटणांना ऐकेना. जिना चढताना ते मधल्या पायरीवर थांबून भिंतीचा रंग तपासल्याचं नाटक करत. शेवटी वाशीतल्या त्यांच्या डॉक्टरांनी उपाशीपोटी रक्त तपासायला सांगितलं. काका मला सोबत घेऊन गेले.

रक्त घेतलं. ते गोठून वर जे पाणी सुटतं ते पिवळसर, स्वच्छ हवं. लॅबवाल्याने नळी वर धरली तर आत दूध भरल्यासारखं दिसत होतं.

"काका, उपाशी होतात ना?"

"कडकडीत! फक्त कपभर गरम दुधात दोन चमचे तूप. त्याला कोणी खाणं म्हणतं का?"

लॅबवाल्याने हात जोडले आणि दुसऱ्या दिवशी परत बोलावलं. त्या रात्री काका खरंच उपाशी राहिले. तरीही नळीत पांढरंच. फ्रिजमध्ये ठेवलेल्या आदल्या दिवशीच्या नळीवर तर चक्क सायीचा थर आला होता.

काकांनी आयुष्यभर नळ्या पाहिल्या होत्या. ही नळी त्यांनी हातात घेतली, तिरकी केली, पुन्हा सरळ केली.

डॉक्टर म्हणाले, "अहो, मधुमेहात नुसती साखर तुंबत नाही. चरबीही रक्तातून लवकर हटत नाही. तुम्ही एक दार बंद केलंत आणि दुसऱ्या दारातून वरात आत घेतलीत. हे असंच चाललं तर पोटाला, हृदयाला, सगळ्यालाच धोका आहे."

बाहेर आल्यावर काका हळूच म्हणाले, "तू घरी चल. तुझ्यासमोर काकू मला मारणार नाही."

काकू साताऱ्याकडच्या. त्यांच्या हातच्या कणीदार तुपाचं नाव सोसायटीभर होतं. काकांनी कागदात गुंडाळून आणलेली नळी त्यांच्यापुढे धरली.

"हे काय, ताक?"

"माझं रक्त."

काकूंनी नळी खिडकीशी नेली. सायीच्या बाबतीत त्यांना कोणी फसवू शकत नव्हतं. "आपल्या गवळ्याच्या दुधावर एवढी साय कधी आली नाही हो," म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या. "साखर तुटली, तोंडाला चव राहिली नाही, म्हणून दर रविवारी लोणी कढवत बसले. मीच घातलं की हो हे तुमच्या अंगात."

काका घाबरले. आपल्या आजाराला नव्हे, काकूंच्या डोळ्यांतल्या पाण्याला. "अगं, तूप चांगलंच होतं..."

"गप्प बसा!" काकू उठल्या, फळीवरची तुपाची बरणी काढली आणि माझ्या हातात दिली. "घेऊन जा. आत्ता."

जिन्यात काका माझ्या कानाशी आले. "एक चमचा..."

"ऐकू आलं!" आतून आवाज आला.

दुसऱ्या दिवसापासून काका बदलले, आणि बदललेले काका जास्त त्रासदायक निघाले. प्रयोगशाळेतला गाळणकागद घेऊन ते कँटीनमध्ये उभे राहायचे. कोणी भजं उचललं की ते कागदात दाबून तेलाचा डाग सगळ्यांना दाखवायचे. कँटीनचा आचारी दिघ्याचा होता. एक दिवस त्याने झारा खाली ठेवला. "काका, मंग भजी काय पान्यान तलू?" काकांनी यावर गंभीरपणे विचार केला, हेच भयंकर होतं. पुढचे चार दिवस आम्ही उकडलेली भजी खाल्ली.

पण गोळ्या त्यांनी चुकवल्या नाहीत आणि जेवणही आवरलं. काही महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. "पारदर्शक!" असं ओरडतच ते प्रयोगशाळेत आले आणि पोरगा मॅट्रिक झाल्यासारख्या आनंदात सगळ्यांना फुटाणे वाटले. साहेबांना दोन मुठी दिल्या.

डॉक्टरांनी रोज चालायलाही सांगितलं होतं. ते काम काकूंनी हाती घेतलं. तेव्हा वाशीचे रस्ते रुंद आणि रिकामे असायचे, झाडं गुडघ्याएवढी. काका निवृत्त झाल्यावरही संध्याकाळी कारखान्याच्या बसमधून परतताना मला दोघं दिसत. पुढे ते साताऱ्याला गेले. काही वर्षं दिवाळीला पत्र यायचं. मग एका वर्षी आलं नाही, आणि पुढच्या वर्षी आलं ते काकूंच्या अक्षरात.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते बसच्या खिडकीतूनच. पदर खोचून, पांढरे कॅनव्हासचे बूट घालून काकू झपाझप पुढे चाललेल्या. मागे वीस पावलांवर काका, घामाघूम. बूट चावलेच तर असाव्यात म्हणून काकूंच्या चपला त्यांच्या हातात होत्या. "अगं, जरा हळू!" असं ते ओरडत होते, आणि काकू वळून न बघता हाताने नुसतं "या, या" करत होत्या.